मन्या, रॅकेटी पाठवायच्या आधी हे वाच

प्रिय मन्या,

तुझा मेसेज वाचला, पण व्हॉट्सॲपवर दोन ओळीत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून हे लांबलचक लिहितोय. बाहेर पाऊस लागलाय, एप्रिलमध्ये नैरोबीत तो लागतोच, आजचं कोर्ट कॅन्सल, त्यामुळे वेळच वेळ आहे.

तर तुमच्या क्लबातल्या लोकांच्या कपाटात पडलेल्या जुन्या टेनिस रॅकेटी गोळा करायच्या आणि कार्गोने इकडे आमच्या शनिवारच्या टेनिसला येणाऱ्या पोरांना पाठवायच्या असं तू म्हणतोयस. तुझं मन मोठं आहे लेका, ते काय मला आज कळतंय का, पण रॅकेटी पाठवू नकोस. रागावू नकोस, आधी पूर्ण वाच.

पहिली गोष्ट म्हणजे तुमच्या क्लबातल्या काका लोकांच्या रॅकेटी सगळ्या 27 इंची असणार. आमच्याकडे शनिवारी येणारी निम्मी पोरं सहा-सात-आठ वर्षांची आहेत, त्यांना 19, 21, फार तर 23 इंची लागते. एवढ्याशा पोराच्या हातात मोठी रॅकेट दिली की ते ती मूठ सोडून वर गळ्याशी धरतं, कारण वजन पेलत नाही, आणि ती सवय एकदा लागली की सोडवता सोडवत नाही. आमचा कोच तर मोठी रॅकेट कुणी दान दिली की तोंडभरून थँक्यू म्हणतो आणि कपाटाच्या वर टाकून देतो. त्यात पाच-सात वर्षं पडून राहिलेल्या रॅकेटीचं गटिंग पार मेलेलं असतं, म्हणजे इथे परत तारा भरा, त्याचे पैसे वेगळे. आणि जुना माल कस्टममध्ये अडकला की तो सोडवायला जे हेलपाटे आणि जो खर्च होतो त्यात इथेच लहान मापाच्या नव्या रॅकेटी येतात.

बॉलचंही तसंच. नैरोबी समुद्रसपाटीपासून साधारण 1800 मीटरवर आहे, पुणे त्याच्या एक तृतीयांश पण नाही. हवा विरळ, त्यामुळे साधा पिवळा बॉल इथे असा उडतो की काही विचारू नकोस, पोरांच्या डोक्यावरून जातो. नियमांतच आहे की 4000 फुटाच्या वर हाय अल्टिट्यूडचे वेगळे बॉल वापरता येतात. लहानांसाठी तर लाल बॉल हवेत, ते साध्या बॉलपेक्षा 75 टक्के स्लो असतात, मग ऑरेंज 50 टक्के, मग ग्रीन 25 टक्के. 2012 पासून आयटीएफने, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस फेडरेशनने, दहा वर्षांखालच्या मॅचेसमध्ये साधा पिवळा बॉल बंदच केलाय. लाल बॉलला कोर्टही लहान लागतं, 11 मीटर लांब बास, म्हणजे एका मोठ्या कोर्टावर आडवी चार-पाच छोटी कोर्टं बसतात आणि एका वेळी वीस पोरं खेळू शकतात. ज्यांच्याकडे अख्ख्या वस्तीत मिळून एक कोर्ट आहे त्यांच्यासाठी हा शोध सोन्यासारखा आहे, टीव्हीवाल्यांना त्याचं काही नाही ते सोड.

आता मूळ मुद्दा. इथे पोरगं टेनिस सोडतं ते रॅकेट नाही म्हणून सोडत नाही रे. रॅकेट कशीही मिळते, दोघात एक वापरतात, एकाने मारलं की दुसऱ्याच्या हातात. पोरगं सुटतं ते मटाटूचं, म्हणजे इथल्या वडापचं, भाडं नाही म्हणून, भूक लागते म्हणून, घरी धाकटं भावंड सांभाळायला कुणी नाही म्हणून, आणि सगळ्यात जास्त म्हणजे कोच निघून जातो म्हणून. कोच कुठल्यातरी मोठ्या क्लबात मेंबरांबरोबर खेळायला लागला की तिथे तासाला जे मिळतं ते आमच्याकडे अख्ख्या सकाळचं पण नाही, मग तो का थांबेल? आमचा थांबलाय तो थोडा वेडा आहे म्हणून, पण वेडेपणावर किती वर्षं चालवणार.

तुला आमचा शनिवार सांगतो म्हणजे कळेल. नैरोबीतल्या कांगेमी वस्तीजवळच्या एका शाळेचं कोर्ट आहे, सिमेंटचं, भेगा पडलेलं, बेसलाइनच्या मागे गवत उगवलेलं. कोच सकाळी लवकर येऊन खडूने छोट्या कोर्टांच्या रेषा मारतो, नेट म्हणून दोन खुर्च्यांना बांधलेली दोरी आणि तिच्यावर लटकवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या. एक नऊ वर्षांची मुलगी आहे, ती धाकट्या भावाला घेऊनच येते, नाहीतर तिला येताच येत नाही. तर कोचने त्या तीन वर्षाच्या भावाला बॉलच्या बादलीचा इनचार्ज केलंय, गोळा झालेला प्रत्येक बॉल तो स्वतः बादलीत टाकणार, दुसऱ्या कुणी टाकला की रडून गोंधळ. तोवर ही तिकडे फोरहँड मारते, आणि काय मारते म्हणून सांगू, टायमिंग असं की आपण दोघांनी कॉलेजात चार वर्षं घाम गाळून आलं नाही. दहा वाजले की ब्रेक, उजी आणि मंदाझी, म्हणजे तळलेली गोडसर पुरी. उजी म्हणजे तुझ्या आईची नाचणीची पेजच समज, फक्त साखर घालून, आणि नाचणी मुळात इकडचीच बरं का, आफ्रिकेतूनच आपल्याकडे आली. ज्या शनिवारी उजी नसते त्याच्या पुढच्या शनिवारी पोरं निम्मी. खोटं नाही सांगत.

म्हणून म्हणतो, तुमच्या क्लबातला एखादा जण जी नवी महागडी रॅकेट घेतो तेवढ्या पैशात आमची महिन्याभराची उजी निघते.

लोकांना ती यानिक नोआची गोष्ट फार आवडते, तुम्हालाही कुणीतरी तीच सांगितली असणार. 1971 साली अमेरिकेचा कृष्णवर्णीय टेनिस चॅम्पियन आर्थर ॲश कॅमेरूनला याउंदेला आला, तिथे दहा-अकरा वर्षांचा एक पोरगा झकास खेळताना दिसला, आणि 1983 ला तोच पोरगा फ्रेंच ओपन जिंकला. ऐकायला भारी. पण मधली बारा वर्षं कुणी सांगत नाही. ॲशने फ्रान्समध्ये टेनिस फेडरेशनच्या फिलिप शात्रिए यांच्या कानावर घातलं, मग फ्रेंच फेडरेशनने त्याला नीसला नेलं, तिथे राहणं-खाणं, शाळा, कोच, स्पर्धा. म्हणजे नुसती नजर पडली म्हणून झालं नाही, एका श्रीमंत देशाच्या फेडरेशनने पोरगं पोसलं. आणि जिंकला तो फ्रान्सकडून. आणि तसा तो गरिबाघरचाही नव्हता, वडील फ्रान्समध्ये फुटबॉल खेळलेले.

त्यापेक्षा इथल्या अँजेला ओकुटोयीची गोष्ट बघ, मला ती जास्त पटते. बाळंतपणातच आई गेली, ती आणि तिची जुळी बहीण, दोघींना आजीने वाढवलं. आजी नैरोबीतल्या लोरेशो प्रायमरी शाळेत सफाईचं काम करायची आणि त्या शाळेत टेनिस शिकवलं जायचं, एवढाच काय तो योग. पण नंतर बघ एकामागून एक काय काय लागलं ते: शाळेतला कोच, मग पूर्व आफ्रिकेतल्या पोरांसाठीचं आयटीएफचं ट्रेनिंग सेंटर, मग मोरोक्कोत कासाब्लांकाचं सेंटर, प्रवासासाठी ग्रँड स्लॅमवाल्यांच्या फंडातले पैसे. 2022 ला ऑस्ट्रेलियन ओपनच्या ज्युनियरमध्ये मॅच जिंकणारी ती पहिली केनियन मुलगी, आणि त्याच वर्षी विम्बल्डनला मुलींच्या डबल्सचं टायटल, नेदरलँड्सच्या रोझ मरी नाइकाम्पबरोबर, तिसऱ्या सेटऐवजी झालेला टायब्रेक 11-9. त्या दिवशी इथे लोक फुटबॉल सोडून टेनिसवर बोलत होते, मटाटूत सुद्धा!

आणि गंमत ऐक, त्या फायनलमध्ये समोरच्या दोघींपैकी एक होती कॅनडाची व्हिक्टोरिया म्बोको. तिचे आईवडील काँगोचे. तीच म्बोको 2025 मध्ये मॉन्ट्रियलला जपानच्या नाओमी ओसाकाला हरवून कॅनेडियन ओपन जिंकली. आणि अँजेला? ती अमेरिकेत ऑबर्न विद्यापीठात कॉलेज टेनिसकडे गेली, आफ्रिकन गेम्सचं सिंगल्सचं गोल्ड घेतलं, वाईट नाही, उलट उत्तमच आहे. पण एका कोर्टावर समोरासमोर उभ्या होत्या दोघी, फरक दोन पॉइंटचा, आणि एकीच्या मागे टेनिस कॅनडा, घराजवळ इनडोअर कोर्टं, वर्षभर कोच. नैरोबीतून एखादी स्पर्धा खेळायला जायचं म्हणजे व्हिसापासून सुरुवात. नुसत्या टॅलेंटचा फरक असता तर गोष्ट वेगळी होती.

कॉलेजवरून आठवलं. टेनिसमधून चॅम्पियनच निघायला पाहिजे हा हट्ट मी केव्हाच सोडलाय. नायजेरियाचा न्डुका ओडिझोर माहितीये का? लागोसला बॉलबॉय होता, ह्यूस्टनच्या एका प्राध्यापकाच्या मदतीने अमेरिकेत शिकायला गेला आणि 1983 च्या विम्बल्डनला पहिल्याच राउंडमध्ये चौथ्या सीडेड अर्जेंटिनाच्या गियेर्मो विलासला घरी पाठवलं. जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा वस्तीतला मार्क माथाबाने 1978 ला अमेरिकन टेनिसपटू स्टॅन स्मिथच्या मदतीने टेनिस स्कॉलरशिपवर अमेरिकेत गेला, टेनिसमध्ये फार काही केलं नाही, लेखक झाला. मला विचारशील तर हेही तितकंच मोठं यश आहे, कदाचित जास्तच.

साऊथ आफ्रिकेचा विषय निघालाच तर काकांची ती आवडती गोष्ट, 1974 ची. डेव्हिस कपची सेमीफायनल पुण्यात, अमृतराज बंधू, सोव्हिएत रशियाला 3-1 हरवलं, आणि मग फायनल साऊथ आफ्रिकेशी. आपण वर्णभेदामुळे खेळायलाच नकार दिला आणि एकही बॉल न मारता कप त्यांना गेला. काका नेहमी म्हणायचे तो कप आपला होता, आणि आपण म्हणायचो बरं काका. इथे आल्यापासून मात्र कुणाही म्हाताऱ्या केनियन माणसाला मी हे सांगितलं की तो दोन मिनिटं हात सोडत नाही. त्याच काळात ॲशने दुसरा रस्ता धरला होता, दोनदा व्हिसा नाकारल्यावर 1973 ला तो जोहान्सबर्गला जाऊन खेळलाच, सिंगल्स फायनलला कॉनर्सकडून हरला, टॉम ओकरबरोबर डबल्स जिंकला, सोवेटोत, म्हणजे तिथल्या काळ्या लोकांच्या वस्तीत, पोरांना शिकवलं. पुढे तिथे त्याच्या नावाचं टेनिस सेंटर पण झालं. खेळायला जाणं बरोबर की न जाणं यावर मी अजून स्वतःशीच भांडतोय. पण ते सेंटर मध्ये बरीच वर्षं मोडकळीला आलं होतं, 2007 ला पुन्हा नीट केलं, हे मात्र मी प्रत्येक देणगीदाराला सांगतो. कोर्ट बांधायला सगळे पुढे येतात रे, पाटी लागते, फोटो निघतो. दरवर्षी भेगा बुजवायला आणि रखवालदाराला पगार द्यायला कुणी येत नाही.

फेडररचं मला म्हणून कौतुक वाटतं. 2020 च्या फेब्रुवारीत केपटाऊनला तो आणि नडाल खेळले, 51,954 लोक आले, 35 लाख डॉलर जमले. आणि ते गेले कुठे, तर बालवाड्यांच्या शिक्षणाकडे, टेनिसकडे नाहीच. त्याची आई तिकडचीच, त्यामुळे असेल, पण त्याला कळतंय की पोराच्या हातात आधी काय पाहिजे. मग तू विचारशील, मग तुम्ही टेनिस कशाला शिकवताय, सरळ शाळेला पैसे द्या की. बरोबर आहे, माझ्याकडे याचं फार मोठं उत्तर नाही. एवढंच बघितलंय की शनिवारच्या कोर्टासाठी पोरं आठवडाभर शाळा बुडवत नाहीत, कारण कोच सोमवारी मास्तरांना विचारतो आणि शाळा बुडवणाऱ्याला शनिवारी फक्त बॉल उचलायला लावतो. त्या बादलीच्या इनचार्जच्या हाताखाली. भयंकर अपमान.

तर तुमच्या क्लबाने करायचंच असेल तर हे कर. गोळा झालेल्या चांगल्या रॅकेटी तिथेच विका, पुण्यात शिकणारी पोरं घेतील, आणि जे पैसे येतील त्यातून आमच्या कोचची आयटीएफ लेव्हल वनच्या कोर्सची फी भरा. त्याच्याकडे तो कागद आला की त्याला इथल्या फेडरेशनकडून कामं मिळतील, आणि तो आमच्याकडे टिकायची शक्यता वाढेल, निदान मी तरी तसं धरून चाललोय. उरले तर वर्षभराच्या उजीला. दर महिन्याला थोडे थोडे पाठवलेत तरी चालेल, उलट तेच बरं, एकदम आलेला पैसा एकदम संपतो, हा माझा सीएचा अनुभव आहे, टेनिसचा नाही. आणि क्लबातल्या लोकांना पावती, फोटो, हिशोब सगळं देईन, फक्त पोरांचे चेहरे दिसणारे फोटो ग्रुपवर फिरवायचे नाहीत, हे आधीच सांगून ठेव.

आणि तू स्वतः ये. ऑगस्टमध्ये ये, शाळांना सुट्टी असते, पोरं आठवडाभर मोकळी असतात, तुझ्या सर्व्हिसचा काहीतरी उपयोग होईल. बॅगेत जागा असेल तर लाल बॉल आण, मिळतील तेवढे, आणि स्ट्रिंगचं एक रीळ. स्वेटर आण, ऑगस्टमध्ये इथे थंडी असते, कुणाला पटत नाही पण असते. आणि यलो फिव्हरची लस निघायच्या किमान 10 दिवस आधी घे, ते पिवळं कार्ड परत येताना मुंबईला बघतात, नसलं तर क्वारंटाइनमध्ये ठेवतात, मग वहिनी माझ्या नावाने खडे फोडणार. काकूंना नमस्कार सांग, तारखा पक्क्या झाल्या की कळव.

तुझा,
बंड्या

ता.क. क्लबातल्या कुणाच्या पोरांची 21 किंवा 23 इंची रॅकेट पडलेली असेल तर ती मात्र विकू नकोस, घेऊन ये.