बंबाचा धूर, मनीची शेगडी आणि आमचा रस्ता

कॅटफर्ड, लंडन

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर धुराचा विषय काढला की तुझी भाकरी करपायला लागते आणि फोन दादाच्या हातात जातो. म्हणून हे पत्र. मनीला मोठ्यानं वाचायला सांग, आणि आप्पा घरात असतानाच.

आधी मनीचं. परवा व्हिडिओवर तिची खोली पाहिली. खिडकीच्या फटीत जुनं लुगडं कोंबलेलं, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, बाळाला ओव्या-धुपाची धुरी. बाळंतिणीला वारं लागू नये, कंबर शेकावी, सगळं मान्य. पण बंद खोलीत कोळसा धुमसत राहिला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास, डोळेही चुरचुरत नाहीत. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतं, त्यामुळे श्वास नीट चालू असतो आणि शरीर मात्र प्राणवायूवाचून राहतं. डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते. मनी म्हणाली, "शेकानंतर काय मस्त गुंगी येते गं ताई." रात्रभरचं जागरण असेल, पण ते ऐकल्यापासून मला घोर लागलाय. शेक गरम पाण्याच्या पिशवीनं दे. बाळाची धुरी तर बंदच कर. त्याची फुप्फुसं अजून घडतायत, आणि इवलंसं पोर आपल्यापेक्षा कितीतरी भरभर श्वास घेतं.

आता तुझा खोकला. तू म्हणतेस वयामानानं आहे. आत्याबाईंना तुझ्यापेक्षा दहा वर्षं जास्त झाली, त्या कुठे खोकतात? त्यांच्या घरी बंब नाही. तू लग्न होऊन आलीस तेव्हापासून पहाटे बंबापुढे बसतेस. लाकूड, चिपाडं, आणि पेटत नसलं की दुधाची पिशवी. बिडीला कधी हात न लावलेल्या आपल्याकडच्या कितीतरी बायकांना सीओपीडी हा श्वासाचा जुनाट आजार होतो तो याच धुरानं. त्यात श्वासनळ्या आतून सुजून अरुंद होतात आणि पुन्हा पहिल्यासारख्या होत नाहीत. औषधानं दम कमी लागतो, पण धूर थांबल्याशिवाय आजार थांबत नाही.

पदर नाकाला लावतेस, पण त्यानं काही अडत नाही. धुरातले खरे घातक कण अडीच मायक्रॉनहून लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढे. नाकातले केस आणि घशातला कफ जाड धूळ अडवतात. हे कण थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि त्यातले काही रक्तात उतरतात. रक्त गुठळ्या धरायला लागतं. म्हणूनच धुरानं दमाच नाही, तर हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघातही येतो. आप्पांच्या बीपीची गोळी चालू आहे, त्यांनीही बंबाजवळ चहा घेत बसू नये.

दादा म्हणेल, लंडनला राहून शहाणपण शिकवतेय. पण हे शहर धुरातूनच शिकलंय. 1952च्या डिसेंबरात, 5 ते 9 तारखेपर्यंत, थंडीमुळे घरोघर कोळसा पेटलेला, वारा पडलेला आणि वर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसलेला. धूर खालीच कोंडला. दिवसा हात पुढे केला तर दिसेना, बस बंद पडल्या, नाट्यगृहात धुकं शिरलं म्हणून ऑपेराचा प्रयोग थांबवावा लागला. चार हजार माणसं गेली असं तेव्हा धरलं होतं, पुढच्या अभ्यासांत तो आकडा बारा हजारांपर्यंत गेला. 1956 साली कायदा झाला आणि घरातला कोळशाचा धूर हळूहळू हटला. आता गंमत बघ, पैसेवाली मंडळी हौसेनं दिवाणखान्यात लाकडाच्या शेगड्या पेटवतात. मला तो वास आला की तुझा बंब आठवतो, आणि रागही येतो.

त्यानंतर आल्या गाड्या. आमच्या घराजवळून साउथ सर्क्युलर नावाचा मोठा रस्ता जातो. त्याच रस्त्यालगत एला अडू-किस्सी-डेब्रा नावाची मुलगी राहायची. तिला दमा होता, वीसहून जास्त वेळा दवाखान्यात न्यावं लागलं, आणि फेब्रुवारी 2013 मध्ये ती नऊ वर्षांची असताना गेली. आधी श्वास बंद पडला एवढंच नोंदलं होतं. तिची आई रोझमंड मात्र हटली नाही. कोर्टानं जुना निकाल रद्द केला, पुन्हा चौकशी झाली आणि डिसेंबर 2020 मध्ये मृत्यूच्या कारणांत वायुप्रदूषण लिहिलं गेलं. या देशात असं पहिल्यांदाच घडलं. आता जुनी डिझेल गाडी लंडनमध्ये चालवली की त्या दिवसाचे साडेबारा पौंड भरावे लागतात. लोक कुरकुरतात, माझ्या मते ठीकच आहे. मी इराला शाळेत मागच्या गल्लीतून नेते. गाड्यांपासून एक गल्ली आत गेलं तरी धूर बराच कमी होतो.

तुझंही तेच आहे, आई. आकाशात किती धूर गेला यापेक्षा तुझ्या नाकाजवळ किती होता, हे महत्त्वाचं. साखर कारखान्याची चिमणी लांब आणि उंच आहे, बंब हातभर अंतरावर. वर रात्री बंद खोलीत डासांची कॉइल. पुण्याचे डॉ. संदीप साळवी सांगतात की एका कॉइलमधून शंभरेक सिगारेटींएवढे बारीक कण निघतात. बाळाच्या खोलीत मच्छरदाणीच लावा.

दादाला पैसे पाठवतेय, त्यातून पत्र्यावर सोलर बसवा. पावसाळ्यासाठी गॅस गिझर घेतलात तर तो बाथरूमच्या बाहेर लावा, आत अजिबात नको, तिथेही तोच बिनवासाचा वायू असतो. आप्पा, पाचट जाळू नका, कुट्टी करून सरीतच टाका. आणि आई, कराडला जाऊन श्वासाची फुंकून घेतात ती तपासणी कर. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते त्यात कळतं, दुखत काही नाही. मंगळवारी दादाला सुट्टी असते. रिपोर्टचा फोटो मला पाठव, नुसतं "बरं आहे" म्हणू नकोस.

तुझी,
शैला

ता. क. बंब मोडीत देऊ नका. घासून ठेवा, तो मला हवाय.