उजनीत बोटी सोडण्याआधी जखमी प्रवाशाची जबाबदारी ठरवा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

उजनी धरणाच्या फुगवट्यावर पर्यटकांसाठी बोटी सुरू होणार, अशा बातम्या आपल्या पानांवर अधूनमधून येतात. पाणी आपल्या जिल्ह्याचे आहे, चार पैसे आपल्याच माणसांच्या हाती पडतील, याचा आनंद आहे. पण बोटीत कुणी जखमी झाले तर त्याचे कोण बघणार, याबद्दल त्या बातम्यांत एक ओळही मला सापडली नाही. म्हणून हे पत्र.

मी एसटीत एकतीस वर्षे काढली, शेवटची काही वर्षे वाहतूक नियंत्रक म्हणून. अपघाताचा फोन आला की आमची पहिली विचारणा प्रवाशांच्या तिकिटांची असे. तिकीट फाडले म्हणजे महामंडळाने त्या माणसाला उतरण्याच्या ठिकाणापर्यंत धड पोचवायची हमी घेतली, असेच आम्हाला शिकवले होते. २०१६पासून तिकिटामागे एक रुपया अपघात सहायता निधीसाठी घेतला जातो आणि अपघातात प्रवासी दगावला तर वारसांना त्यातून दहा लाख रुपये मिळतात. शिवाय मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहेच. गरिबातला गरीब माणूसही वकील गाठून तिथे दावा लावतो, कारण वाट पायाखालची आहे.

बोटीच्या बाबतीत ही वाट कुणालाच ठाऊक नाही, हे आम्हाला घरच्याच माणसामुळे कळले.

माझी धाकटी बहीण कडक भाकरी करून दुकानांना पुरवते. चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे कोकणात गेलो होतो. एका किनाऱ्यावर स्पीड बोटीची फेरी होती. चालवणाऱ्या पोराने तिला हाताला धरून अगदी पुढच्या टोकाला बसवले. म्हणाला, "मावशी, पुढे बसा, खरी मजा पुढेच येते." वारा सुटलेला होता, लाटा उंच होत्या. बोट एका लाटेवरून उडाली आणि पाण्यावर आदळली. तसे तीनदा झाले. तिसऱ्या आदळीला बहीण ओरडली आणि तिथेच आडवी झाली. सोलापुरात आल्यावर एक्स-रे काढला तर कमरेचा एक मणका दबून मोडलेला निघाला.

डॉक्टरांनी सांगितले ते मला तोवर माहीत नव्हते. वेगातली बोट आदळते तेव्हा सर्वात जोराचा दणका पुढच्या बाकाला बसतो. बसलेल्या माणसाच्या कण्यातून तो सरळ वर जातो, आणि पन्नाशीनंतर बाईमाणसाची हाडे आधीच ठिसूळ झालेली असतात. वयस्कर माणसाला मागे, इंजिनाजवळ बसवायचे आणि लाट आली की वेग कमी करायचा, ही बोट चालवणाऱ्याने शिकायची पहिली गोष्ट. यात समुद्राचा काही दोष नाही. चालवणाऱ्याने काळजी घेतली असती तर तो मणका शाबूत राहिला असता.

आम्ही फोन केला तेव्हा ठेकेदार म्हणाला, पावती वाचा. पावतीच्या खाली बारीक अक्षरात छापले होते : "फेरी स्वतःच्या जबाबदारीवर करावी." आम्ही ते वाचले आणि गप्प बसलो. याचे मला आजही वाईट वाटते, कारण तीस वर्षे तिकिटांत घालवलेल्या माणसाने तरी गप्प बसायला नको होते. बहीण चार महिने पाटावर बसू शकली नाही. भाकरी बसून थापायच्या असतात. दवाखान्याचा खर्च झाला तो झाला, पण बांधलेली दुकानेही सुटली.

पुढे एका ओळखीच्या वकिलांनी समजावले ते आपल्या वाचकांना माहीत असावे म्हणून लिहितो. पैसे घेऊन बोटीत बसवणे ही ग्राहक संरक्षण कायद्याने सेवा आहे, आणि तीत निष्काळजीपणा झाला तर भरपाई मागता येते. छापलेल्या एका ओळीने ती जबाबदारी झटकता येत नाही. बोट नोकर चालवत असला तरी त्याच्या चुकीला मालक जबाबदार असतो. २०१९च्या कायद्यानुसार तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. म्हणजे घटना कोकणात घडली तरी दावा सोलापुरात चालू शकतो. आयोगाची फी तुम्ही सेवेपोटी किती पैसे दिले त्यावरून ठरते, आणि पाच लाखांपर्यंत ती शून्य आहे. दोन-चारशे रुपयांच्या फेरीच्या दाव्यालाही मोठी फी भरावी लागेल, या भीतीने कुणी मागे राहू नये. मुदत मात्र दोन वर्षांची. सबळ कारण दाखवले तर आयोग उशीर माफ करू शकतो, पण आम्ही ते विचारायला गेलो तेव्हा मुदत उलटून गेली होती आणि पावतीही हरवली होती. म्हणून पावतीचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. आणि दुखत असेल तर परतीच्या वाटेतल्या पहिल्याच दवाखान्यात जाऊन, बोटीत दुखापत झाली असे कागदावर लिहून घ्या.

केरळात पर्यटन महामंडळाच्या एका हॉटेलच्या तरणतलावात एक पाहुणे बुडाले. तिथल्या जीवरक्षकाला बारचेही काम दिलेले होते. बुडालेल्या पाहुण्यांच्या पत्नीला साडेबासष्ट लाखांची भरपाई मिळाली आणि २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. सरकारी महामंडळही सुटले नाही, हे उजनीवर बोटी आणू पाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

कुगावची घटना आपल्या जिल्ह्यात कुणी विसरले नसेल. २१ मे २०२४च्या संध्याकाळी कुगाव आणि कळाशीदरम्यान उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्यात होडी उलटली, सहा जणांचा जीव गेला. एक जण पोहत काठावर आला म्हणून निदान काय झाले ते कळले. ती सहलीची बोट नव्हती, पैलतीराला जाणारी रोजची वाट होती. पण पाणी तेच आहे आणि वळवाचा वारा तोच आहे. त्याच वर्षी जानेवारीत वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटून बारा मुले आणि दोन शिक्षिका गेल्या. तलाव महापालिकेचा, बोटी ठेकेदाराच्या, आणि बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे. अनेक मुलांच्या अंगावर लाइफ जॅकेटही नव्हते.

भाडे घेऊन असुरक्षित किंवा जास्त भरलेल्या नावेतून माणसे नेणे हा १८६०च्या दंडसंहितेपासून गुन्हा आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २८४मध्ये आहे. शिक्षा मात्र जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. माणूस दगावला तर निष्काळजीपणाने मृत्यूचे मोठे कलम लागते. पण ज्याचा मणका मोडला, त्याच्या औषधाचे आणि बुडालेल्या रोजीचे पैसे फौजदारी खटल्यातून क्वचितच हाती येतात. तिथे विमाच कामाला येतो. अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ने धरण-नद्यांतल्या यांत्रिक बोटींना नोंदणी, तपासणीचे प्रमाणपत्र आणि विमा घालून दिला आहे. कागदावर सगळे आहे. ते काठावरच्या तिकीट खिडकीपर्यंत पोचावे एवढेच माझे मागणे आहे.

म्हणजे नेमके काय? बोटीचा नोंदणी क्रमांक, माणसांची क्षमता आणि विम्याची तारीख खिडकीवर मोठ्या अक्षरात लावलेली असावी. चढणाऱ्या प्रत्येकाचे नाव वहीत उतरवावे. जॅकेटचे पट्टे बांधल्याशिवाय इंजिन सुरू होऊ नये. मे महिन्यात दुपारनंतर आभाळ भरले की फेऱ्या बंद, आणि तो निर्णय ठेकेदाराकडे नसावा, कारण त्या दिवसाचा गल्ला त्याचा असतो. पावतीवर "स्वतःच्या जबाबदारीवर" छापायला निविदेतच मनाई करावी. त्या जागी विमा कंपनीचे नाव आणि तक्रारीचा नंबर छापावा. प्रवाशांनीही जॅकेट काढून टोकावर उभे राहून सेल्फी काढू नयेत. तसे केले तर त्यांचा दावा कमजोर होतो, हेही पाटीवर लिहावे.

यात एक भीती आहे. हा सगळा बोजा शेवटी होडीवाल्याच्या डोक्यावर येईल. उजनीच्या पाण्यावर होड्या चालवणाऱ्या कितीतरी घरांच्या जमिनी याच पाण्याखाली आहेत. धरण आले तेव्हा त्यांच्या वाडवडिलांनी गाव सोडले, आता पोरे मासेमारी करून पोट भरतात. त्यांच्याकडून विम्याचे हप्ते वसूल करून वर गुन्हेही त्यांच्यावरच दाखल करणे, हा पुन्हा एकदा अन्याय होईल. ज्याला ठेका मिळतो त्याने विमा भरावा. जो विभाग परवानगी देतो त्याच्या अधिकाऱ्याने दर महिन्याला काठावर येऊन बोटी पाहाव्यात. पंढरपुरात चंद्रभागेवरच्या नावाड्यांसाठीही हेच लागू करायला हवे. वारीच्या दिवसांत तिथे नाव किती भरलेली असते हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. उजनीच्या बोटींची निविदा निघेल तेव्हा तिच्यातल्या विमा आणि सुरक्षेच्या अटी शब्दशः छापा. त्या अटी मला आणि माझ्या बहिणीला वाचायच्या आहेत. आता ती भाकरी उंच ओट्याशी उभी राहून थापते, रोज पूर्वीच्या निम्म्या.

आपला विश्वासू,
एक निवृत्त एसटी कर्मचारी
जुळे सोलापूर