तुझ्या यादीवर फिरवलेली लाल पेन्सिल

पुणे, रविवार दुपार

प्रिय मंदार,

तुझ्या सायकलीसाठी घ्यायच्या सामानाची यादी मिळाली. पन्नास मिलिमीटर उंचीच्या रिमा, कार्बनचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा), दोन्ही बाजूंनी कापून आखूड केलेलं हँडल, सोनेरी चेन, १७२.५ मिलिमीटरचा क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा. आणि एवढ्या सगळ्यात ब्रेक हा शब्द एकदाही नाही! वहिनींना दाखवलीस का ही यादी? नसशील तर राहू दे. मी लाल पेन्सिल घेऊन बसलोय, ती फिरवून झाली की उरेल तेवढीच दाखव.

आधी अभिनंदन मात्र मनापासून. नागपूरला बदली झाली तेव्हा तू तोंड पाडून बसला होतास, आणि तिथे जाऊन सेकंडहँड का होईना, फिक्स्ड घेतलीस, म्हणजे चाक फिरतंय तोवर पायडलही फिरतच राहणारी सायकल. खरं सांगू का, फिक्स्डसाठी पुण्यापेक्षा नागपूर बरं. खामल्यातून निघायचं, वर्धा रोडने त्या दोनमजली पुलाखालून सीताबर्डीपर्यंत यायचं आणि पुढे सिव्हिल लाइन्स गाठायची, यात चढ म्हणावा असा चढच नाही. सेमिनरी हिल्सला मुद्दाम गेलास तरच. इथे मला चांदणी चौकाची आठवण ठेवून गियर निवडावा लागतो. तुला ती कटकट नाही.

मात्र एक गोष्ट तुझ्या यादीत कुठेच दिसत नाही, म्हणून तीच पहिल्यांदा लिहितो. साध्या सायकलीवर पाय थांबले तरी चाक पळत राहतं. फिक्स्डवर पाय, क्रँक, चेन, मागचा कॉग (मागचं दातेरी चक्र) आणि चाक हे सगळं मिळून एकच यंत्र. पुढे नेणारंही तेच आणि वेग कमी करणारंही तेच. म्हणून पैसे घालायचे ते या यंत्रात जिथे काही सैल होऊ शकतं, सुटू शकतं, निसटू शकतं तिथे. रंग, रिमा, कार्बन हे सगळं त्यानंतर, आणि माझं विचारशील तर कधीच नाही.

आता गियर. तुझ्याकडे पुढे ४८ आणि मागे १६ दाते आहेत. ४८ भागिले १६ म्हणजे ३, गुणिले चाकाचा २७ इंच व्यास, म्हणजे ८१ इंचांचा गियर. हे इंच मोजायची पद्धत त्या पुढचं चाक अवाढव्य असलेल्या जुन्या सायकलींपासून आली. त्या हिशेबाने तू ८१ इंच व्यासाच्या चाकावर चढून बसला आहेस. मोकळ्या रस्त्यावर एकदा वेग धरला की मजा येते, नाही म्हणत नाही. पण ऑफिसच्या वाटेवर मोकळा रस्ता किती आणि सिग्नल किती? ताशी २० किलोमीटरने जाताना या गियरवर पाय मिनिटाला जेमतेम ५२ वेळा फिरतात. म्हणजे प्रत्येक फेरीला जोर लावायचा, आणि तो गुडघ्यातून काढायचा. थांबताना उलटा जोर द्यावा लागतो, तोही तितकाच. पंचेचाळिशीला आलेल्या गुडघ्यांवर हा अत्याचार कशाला?

शिवाय ४८/१६ मध्ये एक छुपी खोड आहे. भाग पूर्ण जातो, म्हणून क्रँकच्या एका फेरीत चाकाच्या बरोब्बर तीन फेऱ्या होतात. त्यामुळे उजवा पाय पुढे असताना टायरची जी जागा जमिनीला टेकलेली असते, तीच दर वेळी टेकते. मागचं चाक रोखून सरपटत थांबायची हौस तुला येणारच, सगळ्यांना येते, आणि दर वेळी टायरचा तोच तेवढा तुकडा घासला जाईल. बाकी टायर नवाकोरा दिसत असताना एका जागी आतले धागे वर आलेले असतील. दात्यांच्या दोन आकड्यांना समान भाजक नसेल तर हे घासणं वाटलं जातं. मागे १९ चा कॉग घाल. ४८ आणि १९ चं एकमेकांशी काहीच जुळत नाही, त्यामुळे घासायच्या जागा एकाच्या एकोणीस होतात. गियर ८१ वरून ६८ इंचांवर येतो. ताशी २० ला पाय मिनिटाला ६२ फिरतात, २५ ला ७७, आणि उड्डाणपुलावरून उतरताना ३० लागले तर त्र्याण्णवच्या आसपास. एवढे फिरवायला पाय शिकतात. सुरुवातीला खोगिरावर उसळल्यासारखं होईल, ते जातं.

यातली गंमत म्हणजे हा सगळा बदल एका कॉगमध्ये होतो. चेनव्हील (पुढचं दातेरी चक्र) बदलायला नको, क्रँक नको. फक्त चेनकडे बघावं लागेल. मागे तीन दाते वाढले की तीच चेन वापरायला चाक साधारण एक सेंटिमीटर पुढे सरकवावं लागतं. तुझा मागचा एक्सल (चाकाचा आस) आत्ता फ्रेमच्या खाचेत कुठे आहे ते बघ. मागच्या टोकाकडे असेल तर प्रश्न मिटला. आधीच पुढे टेकलेला असेल तर चेन नवी घ्यावी लागेल, आणि ती १/८ इंच रुंदीचीच घे. सोनेरी नको. साध्या चेनला तेल लावलंस की ती सोनेरीपेक्षा जास्त चालते.

कॉग बसवताना मात्र मेकॅनिकच्या शेजारी उभा राहा. कॉग नेहमीच्या आट्यांवर बसतो आणि त्याच्यावर लॉकरिंग, म्हणजे त्याला जागेवर धरणारी कडी येते, ती उलट्या आट्यांची. तू पायाने मागे जोर देतोस तेव्हा कॉग सुटायच्या दिशेने ढकलला जातो. लॉकरिंगचे आटे उलटे असल्यामुळे तोच जोर तिला आणखी आवळतो. हे ज्याला माहीत नाही तो लॉकरिंग चुकीच्या दिशेने फिरवत बसेल, आणि मग छिन्नी-हातोडी काढेल. चेन व्हिप (कॉग फिरवायचा चेनचा तुकडा लावलेला दांडा) आणि लॉकरिंगचा आकडेवाला पाना, ही दोन हत्यारं असतील तिथेच हे काम दे. आटे पुसून ग्रीस लावायला सांग, कॉग चेन व्हिपने पूर्ण आवळून मगच लॉकरिंग. नंतर एकदा मोकळ्या जागेत चढावर जोर लावून ये आणि लॉकरिंग पुन्हा तपासून घे. कुणी म्हणेल, "साहेब, जुन्या फ्रीव्हीलला (साध्या सायकलीच्या, पाय थांबवू देणाऱ्या मागच्या चक्राला) वेल्डिंग मारून देतो, तेच होतं." त्याला नमस्कार करून निघायचं. तिथे लॉकरिंग नसते. उलट जोर दिलास की सगळं आट्यांवरून सुटून येऊ शकतं, आणि ते नेमकं थांबायच्या वेळेला.

आता ब्रेक. तू म्हणशील, फिक्स्डला ब्रेक लावला तर तिचं फिक्स्डपण राहिलं काय? अरे, ब्रेक नसतात त्या ट्रॅकवरच्या सायकली. बालेवाडीच्या वेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतीच्या ट्रॅकवर, किंवा जपानमधल्या केइरिनच्या शर्यतीत सगळेच फिक्स्डवर असतात, सगळे एकाच दिशेने जातात, आणि समोरून रिक्षा वळत नाही की म्हैस येत नाही. रस्त्यावर ते चालत नाही. ब्रिटनमध्ये तर रस्त्यावरच्या फिक्स्डला पुढचा ब्रेक कायद्यानेच लागतो. शेल्डन ब्राउन नावाचा अमेरिकन मेकॅनिक होता, २००८ मध्ये गेला. फिक्स्डबद्दल त्याच्याइतकं प्रेमाने क्वचितच कुणी लिहिलं असेल, आणि तोही रस्त्यावर पुढचा ब्रेक हवाच म्हणायचा. कारण साधं आहे. थांबताना वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं चाक हलकं होतं. हलक्या झालेल्या चाकाला तू कितीही रोखून धर, ते घसरत राहतं. पुढच्या ब्रेकने जेवढ्यात थांबशील त्याच्या दुपटीहून जास्त अंतर नुसत्या मागच्या चाकाला लागतं.

तेव्हा कार्बन फोर्कवर लाल रेघ. त्याऐवजी आहे त्या फोर्कच्या माथ्यावर ब्रेकचं भोक आहे का ते बघ. असेल तर भोकाच्या मध्यापासून रिमच्या घासायच्या जागेपर्यंतचं अंतर मोज. कॅलिपर, म्हणजे रिमला दोन्हीकडून धरणारा ब्रेक, ४७ ते ५७ मिलिमीटरचा बसला तर उत्तम, त्याखाली जरा रुंद टायर आणि मडगार्ड दोन्ही मावतात. रबरं चांगली घे. स्वस्त काळी रबरं पावसात रिमवरची वाळू धरून ठेवतात आणि रिम खरवडतात. कूल स्टॉपची तांबूस रबरं मिळाली तर बघ, पावसात ती खरंच पकडतात.

तुझं मागचं हब (चाकाचा मधला भाग) दोन्ही बाजूंनी आट्यांचं आहे असं तू लिहिलं आहेस. म्हणजे एका बाजूला फिक्स्ड, दुसरीकडे फ्रीव्हील, चाक उलटं घातलं की साधी सायकल. ही सोय भारी. (टूर द फ्रान्सवाले पूर्वी असंच चाक काढून उलटं घालायचे, चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारे डिरेलर गियर तिथे १९३७ पर्यंत चालत नव्हते.) पण फ्रीव्हीलवर गेलास की पायांचा ब्रेक गेला. तेव्हा मागे ब्रेक लावलेला नसेल तर ती बाजू वापरू नको. फ्रीव्हील १८ चं घे, म्हणजे चाक उलटवल्यावर चेन जवळपास तेवढीच ताणलेली राहील.

क्रँक १७२.५ चा का हवाय तुला? उंच आहेस म्हणून? इथे उंचीचा संबंध नाही. वळताना पाय थांबवून आतला पायडल वर ठेवायची सोय फिक्स्डवर नसते, तो फिरतच राहतो. सायकल कलली की पायडल जमिनीला ठोकतो आणि मागचं चाक उचललं जातं. १६५ चा क्रँक घे, नाहीतर आत्ता आहे तो राहू दे. पायडलला रुंद पट्टे लाव, पाय पटकन घालता-काढता येतात आणि ऑफिसचे बूट चालतात. पट्ट्यांशिवाय फिक्स्ड चालवू नको. पाय निसटला तर पायडल थांबत नाही, पोटरीवर येऊन बसतो. चपला घालून तर कोपऱ्यावरच्या दुकानातही जायचं नाही.

रिमा. नागपूरच्या सिमेंट रस्त्यांच्या जोडांमध्ये आणि कडेच्या पेव्हर ब्लॉकमध्ये ज्या फटी असतात त्यात २३ मिलिमीटर रुंदीचा टायर सहज अडकेल. उंच रिमांचे पैसे वाचव आणि फ्रेममध्ये मावत असेल तर ३२ चा, नाहीतर २८ चा टायर घे, आत पंक्चररोधक पट्टा असलेला. बाभळीचे काटे तिकडे काही कमी नाहीत. चाक ३२ आऱ्यांचंच ठेव, कुठलाही जुना मेकॅनिक अर्ध्या तासात त्याचा आउट काढून देतो. आणि तुझ्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टा आहे. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला लागत नाही. पितळी अडॅप्टर मिळतो, इवलासा, तो एक व्हॉल्व्हवरच लावून ठेव आणि एक पाकिटात.

हँडल आखूड नको. सिग्नलवरून उठून उभं राहून जोर लावताना आणि पायाने रोखताना रुंद हँडलच कामाला येतं. स्टँड लावू नको, सायकल मागे ढकलली की पायडलही उलटे फिरतात आणि स्टँडवर आपटतात. मडगार्ड मात्र पावसाआधी. बाकी खोगीर, ग्रिप, दिवे यांत तुझी आवड.

आणि एक, हे अगदी गंभीरपणे. चाक फिरवत फिरवत चेनला फडकं लावून पुसायची आपली जुनी सवय आहे ना, ती फिक्स्डवर आजपासून बंद. फडकं दात्यांत गेलं की चेन थांबत नाही, बोटं सोबत जातात. चाक थांबवायचं, थोडी चेन पुसायची, पुढे सरकवायची, पुन्हा थांबवायचं. चिनूला मागच्या चाकाजवळ खेळू देऊ नको. स्वतःच्या पँटीला क्लिप लाव. चेनचा ताण बघतानाही तसंच, क्रँक हळूहळू फिरवत सगळ्यात आवळलेली जागा शोध आणि तिथे मधोमध चेन सेंटिमीटरभर वरखाली हलेल इतकंच ताण.

१९ चा एक कॉग माझ्याकडे नवा पडून आहे. माझा आतेभाऊ शुक्रवारी महाराष्ट्र एक्स्प्रेसने तिकडे येतोय, त्याच्या बॅगेत कॉग, लॉकरिंग आणि १५ नंबरचा पाना टाकतो. तो पाना कायम जवळ ठेव, त्याशिवाय मागचं चाक निघत नाही. त्याआधी, म्हणजे गुरुवारपर्यंत, मला तीन गोष्टी मोजून कळव: खाचेत एक्सल कुठे आहे, फोर्कच्या भोकापासून रिमपर्यंत किती मिलिमीटर, आणि मागच्या चाकाजवळ टायरच्या दोन्ही बाजूंना किती मोकळी जागा. एक्सलचा फोटो काढलास तर आणखी बरं. भाऊ नागपूर स्टेशनवर उतरेल. त्याला आणायला जाशील तर रिक्षाने जा, त्याच्याकडे तीन बॅगा असतात.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना आठवण, चिनूला गोड पापा.

तुझा,
श्री

ता. क. सोनेरी चेनची ऑर्डर आधीच दिली असशील तर रद्द कर. आणि ती १/८ इंची नसून ३/३२ ची असेल तर ताबडतोब रद्द कर, मी पाठवतोय त्या जाड कॉगवर ती बसायचीच नाही.