मोडीत घालण्याआधी ‘८४’ नीट वाचा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सोलापूरच्या सराफ बाजारात मोडीला येणाऱ्या जुन्या चांदीत एखाद्या वेळी ज्यू धर्मविधींतली वस्तू निघू शकते. ओळखली नाही, तर ती थेट मुशीत जाते. वीतभर दांडी, टोकाला तर्जनी पुढे केलेला इवलासा हात आणि मागे साखळी, अशी वस्तू दिसली तर ती पाठ खाजवायची काठी समजू नये. ती ‘याद’. तोरा या ज्यू धर्मग्रंथाच्या चर्मपत्री गुंडाळीला बोट न लावता हिने ओळ धरून वाचतात. घुंगरू लावलेले, मनोऱ्यासारखे दोन पोकळ तुरे म्हणजे ‘रिम्मोनिम’. ते तोराच्या दांड्यांवर बसतात. चिमुकल्या दाराची, लवंग-दालचिनी ठेवायची डबी शनिवारी संध्याकाळच्या ‘हवदाला’ची, म्हणजे शब्बाथ हा ज्यूंचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस संपवण्याच्या विधीची.

खरा घोटाळा शिक्क्याचा. रशियन साम्राज्यातल्या चांदीवर ‘८४’ असते आणि ते ८४ टंच समजले जाते. तो आकडा शंभरातला नाही, ९६ झोलोत्निकांतला (झोलोत्निक हे जुने रशियन वजन) आहे, म्हणजे ८७.५ टक्के. शब्बाथच्या ४८० ग्रॅमच्या समयांच्या जोडीत (आपली तेलाची समई नव्हे, मेणबत्तीची) शुद्ध चांदी ४२० ग्रॅम भरते. ८४ टंचाने हिशेब केला तर ४०३.२. विकणाऱ्याचे १६.८ ग्रॅम बुडाले! मशीनवर तपासले तर हे कळतेच. मात्र बुडात लाख किंवा प्लास्टर भरलेले असेल, तर नुसत्या वजनावर जाऊ नये. जुन्या जर्मन-ऑस्ट्रियन कामावरचा ‘१३’ हा १६ पैकी, म्हणजे ८१.२५ टक्के.

हिब्रू अक्षरे कोरली आहेत म्हणून वस्तू अस्सल ठरत नाही. नक्षी झिजून गुळगुळीत आणि अक्षरांच्या कडा मात्र नखाला टोचतात, तर साध्या जुन्या पेल्यावर ती मागाहून कोरलेली असण्याचा संशय घ्यावा. साल हिब्रू अक्षरांत असते, प्रत्येक अक्षराला एक आकडा. ताव ४००, रेश २००, मेम ४०, हेत ८, मिळून ६४८. त्यात १२४० मिळवले की इसवी सन १८८८. ज्यू वर्ष शरदात सुरू होत असल्याने एखाद्या वर्षाचा फरक पडतो.

चिंच, राख, टूथपेस्ट काहीही लावू नये. पेल्याच्या आतला सोन्याचा मुलामा त्याने निघतो. रिम्मोनिम पाण्यात बुडवू नयेत, पाणी पोकळीत अडकते. पूर्वी कोणी कथलाने झाळलेला सांधा असेल तर भट्टीचा ताव देऊ नये. अशा डाकातले कथील-शिसे चांदीत उतरते आणि खड्डे पडतात. ठेवताना रबरबँड आणि लोकर टाळावी. सोलापुरी चादरीचा गडद तुकडाही नको, अशा रंगांत गंधक असू शकतो आणि त्याने चांदी काळी पडते. दोनदा धुतलेले पांढरे सुती कापड पुरते.

आपले,
जुन्या चांदीचे काही जाणकार, सोलापूर