छापलेल्या टायटॅनियमबरोबर एक चिठ्ठी हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे २०२४ मध्ये इस्रोने थ्रीडी प्रिंटिंगने बनवलेलं पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्याचं इंजिन ६६५ सेकंद चालवून दाखवलं. १४ सुट्या भागांचा एकच भाग झाला, १९ वेल्ड गेले. वाचून फार अभिमान वाटला. पण अशा बातम्यांमुळे प्रिंटरचं दार उघडलं की तयार भागच हातात येतो, असा समज होतो. भोसरीत आम्ही लेथ आणि व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवर) उभे असतो, म्हणून हे लिहितो आहे. छापलेला जॉब, म्हणजे भाग, ज्या प्लेटवर छापला तिच्यावरून कापून काढावा लागतो, छापताना त्याला दिलेले आधार तोडावे लागतात. बेअरिंगची बैठक, आटे, सीलची तोंडं ही कामं मशीनिंगशिवाय होत नाहीत. आणि टायटॅनियम असेल तर खरी परीक्षा इथेच असते.

टायटॅनियममधून उष्णता वाहते ती साध्या पोलादाच्या सातव्या हिश्शाएवढी. पोलाद कापताना बरीचशी उष्णता चिपबरोबर, म्हणजे निघणाऱ्या धातूच्या छिलक्याबरोबर, निघून जाते. टायटॅनियममध्ये ती टूलच्या धारेवरच साठते आणि तापलेला धातू इन्सर्टला (टूलच्या बदलता येणाऱ्या पात्याला) चिकटू लागतो. म्हणून कार्बाइडच्या टूलने कापण्याचा वेग मिनिटाला ५०-६० मीटरच्या पुढे सहसा नेत नाहीत, आणि कूलंट (थंड करणारं द्रव) थेट धारेवर दाबाने मारावं लागतं. नुसती धार ओली करून भागत नाही.

हे सळईच्या टायटॅनियमबद्दल झालं. लेसरने पावडर वितळवून छापलेला धातू क्षणात थिजतो. त्यामुळे त्याची आतली रचना सुईसारखी बारीक होते, कडकपणा आणि ताकद वाढते. ‘टीआय-६एएल-४व्ही’ या टायटॅनियमच्या मिश्रधातूची घडीव सळई साधारण ९५० मेगापास्कल ताण सोसते, तर लेसरने छापलेला, भट्टीत न घातलेला जॉब ११००च्याही वर जातो. साहजिकच टूलवर जोर जास्त येतो. इलेक्ट्रॉन बीमने छापताना जॉब सुमारे ७०० अंशांवर गरमच राहतो, म्हणून त्याचं वागणं वेगळं. थर कोणत्या दिशेने चढले, यानेही कापताना फरक पडतो. भट्टीत ताण काढला नसेल तर प्लेटवरून सोडवताच जॉब वाकतो.

खुब्याच्या सांध्याची वाटी घ्या. हाड आत रुजावं म्हणून बाहेरून सच्छिद्र जाळी छापलेली असते, आतला टेपर (निमुळता भाग) मात्र गुळगुळीत आणि मापात लागतो. जाळी चिरडेल म्हणून जबड्यात आवळता येत नाही. सैल धरावं तर आतून कापणारा बोरिंग बार थरथरतो. टायटॅनियमचा ताठपणा पोलादाच्या निम्माच, त्यामुळे पातळ भिंत टूलपुढून मागे सरते आणि टूल गेलं की परत येते. मग माप कसं लागणार? हे सगळं सांभाळणारा माणूस ऑपरेटर असतो, त्याचा उल्लेख कुठेच नसतो.

आणि त्याच्या हातात काय येतं? एक ड्रॉइंग, त्यावर मटेरियलचं नाव, बस्स. सळई समजून स्पीड-फीड (कापण्याचा आणि टूल पुढे सरकण्याचा वेग) लावलं की इन्सर्ट पाच मिनिटांत जातात, आणि बोल ऑपरेटरला बसतो. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आणखी एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. टायटॅनियमच्या बारीक चिप पेटू शकतात. त्यावर पाणी ओतणं घातक आहे, कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीचं ‘डी’ वर्गाचं उपकरणच हवं. चिपचा डबा दिवसाच्या दिवस रिकामा व्हायला हवा. आयटीआयमधल्या मुलांना हे पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं.

छापणाऱ्या कंपन्यांना माझी कळकळीची विनंती आहे. जॉबबरोबर एक चिठ्ठी द्या : लेसरने छापलाय की इलेक्ट्रॉन बीमने, प्लेटवर कोणती बाजू खाली होती, भट्टीत किती अंशांवर किती वेळ ठेवला आणि आता कडकपणा किती आहे. ही माहिती तुमच्याकडे असतेच. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात चार ओळींत ती मावेल.

आपला,
एका वर्कशॉपचा सीएनसी सुपरवायझर
भोसरी, पुणे