पावतीपुस्तकाबद्दल, अण्णांना

तीर्थस्वरूप अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र चारचौघांत लिहितेय, कारण समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही "चहा टाकू का?" म्हणून विषय बदलता. गेल्या दिवाळीत दोनदा झालं असं. तुमच्या नातीला सांगून ठेवलंय, ती मोबाईलवरून वाचून दाखवेल. मध्येच उठायचं नाही.

बाबांचा आग्फा क्लिक थ्री कॅमेरा तुम्हाला आठवत असेल. एका रोलात बारा फोटो. अकरा कसे संपायचे कळायचं नाही आणि बारावा कुणाचा काढायचा यावर घरात भांडण. रोल धुवायला तुमच्या फोटोच्या दुकानात यायचा आणि शाळा सुटली की मी तुमच्या काउंटरवर हजर, "झाले का?" १९८६ च्या मे महिन्यात तुम्ही वैतागून म्हणालात, "रोज विचारतेस त्यापेक्षा आत ये आणि काम कर."

मला वाटलं, आता कॅमेरा मिळणार. मिळाली बादली. तीन उन्हाळी सुट्ट्या मी तुमच्या डार्करूममध्ये फक्त फोटो धुतले. ऊटीहून येणारा तो 'इंदू'चा फोटोचा कागद, हायपोतून, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या रसायनातून काढलेला, वाहत्या पाण्यात तासभर. कागद कडेला धरायचा, चित्राच्या बाजूला नख लागता कामा नये, एकावर एक चिकटू द्यायचे नाहीत. मी कंटाळले की तुम्ही म्हणायचात, "हायपो राहिला तर वीस वर्षांनी फोटो पिवळा पडेल. तेव्हा लोक शिव्या मला देतील, तुला नाही." मैत्रिणी मामाच्या गावाला आंबे खात होत्या आणि माझी बोटं सुरकुतून पांढरी.

पहिल्या सुट्टीच्या शेवटी तुम्ही पाकिटात पंचाहत्तर रुपये घालून दिलेत. "तुमच्याकडून कसे घेऊ?" म्हणून मी पाकीट परत केलं. तुम्ही म्हणालात, "मग पुढच्या वर्षी येऊ नकोस." घेतले मुकाट. पण त्यातलं खरं शिकायचं ते शिकले नाही, हे पुढे दिसलंच.

नोकरी लागली पतसंस्थेत. बावीस वर्षं इतरांच्या कर्जाचे हप्ते लिहिले. बोनसमधून डिजिटल कॅमेरा घेतला आणि मग नात्यातलं एकही बारसं, मुंज, डोहाळजेवण माझ्याशिवाय झालं नाही. "आपलीच आहे, छान काढते." दिवसभर उभं राहायचं, सगळे जेवून उठल्यावर गार वरणभात खायचा, रात्री बसून फोटो निवडायचे आणि मिळायचा नारळ नि ब्लाउजपीस. परवा कपाट आवरताना मोजले, एकोणतीस ब्लाउजपीस निघाले. त्यातला एकही मला शोभेल असा नाही. फोटोग्राफी हा माझा श्वास वगैरे आहे असं लोक म्हणायचे. श्वासाचं बिल कोण देणार?

मग तो २०१९ चा ऑगस्ट, आपल्या सांगलीचा पूर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ च्या वर. आम्ही विश्रामबागेत कोरडे, तुम्ही गावभागात पहिल्या मजल्यावर अडकलेले. पाणी ओसरल्यावर मी मारुती चौकातून चिखल तुडवत तुमच्याकडे निघाले होते, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाद्या, धान्याची पोती, पुस्तकं आणि त्या ढिगात अल्बम. लग्नाचे अल्बम! लोक स्वतःच्या हातांनी टाकत होते, कारण पानं एकमेकांना चिकटलेली, वास सुटलेला. एका बाईंच्या हातून मी अक्षरशः अल्बम ओढून घेतला. त्यांना वाटलं, मला वेड लागलंय.

तुमच्या दुकानात पोचले तर तुम्ही पायरीवर बसलेले. आत निगेटिव्हचं कपाट. चाळीस वर्षांचं काम एकाच गठ्ठ्यात घट्ट. त्याबद्दल तुम्ही तेव्हाही बोलला नाहीत, आजही बोलत नाही, म्हणून मीही इथे जास्त लिहीत नाही. माझ्या हातातला अल्बम पाहून तुम्ही एवढंच विचारलंत, "ओला आहे ना अजून? मग वाळू देऊ नकोस."

पुढचे तीन आठवडे आमच्या गच्चीवर जे चाललं ते हे वाचणाऱ्यांनाही सांगते, कारण पूर पुन्हा येणार. चिकटलेले फोटो वाळले की कायमचे चिकटतात. ओले असताना गार, स्वच्छ पाण्यात ठेवले तर बरेचसे आपोआप सुटतात. ओढायचे नाहीत. चित्राची बाजू चोळायची नाही, कारण चित्र ज्यात असतं तो जिलेटिनचा थर पाण्यात फुगून मऊ झालेला असतो. चित्र वर ठेवून सावलीत वाळवायचे. आम्ही जुन्या मच्छरदाण्या ताणून बांधल्या होत्या. फ्रेममधला फोटो काचेला चिकटून वाळला असेल तर काचेसकट तसाच स्कॅन करायचा. आणि सगळं एकदम हातून होत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये, म्हणजे बुरशी थांबते. आमच्या फ्रीजरमध्ये तेव्हा मटारच्या शेजारी एका घरातलं अख्खं लग्न होतं. यजमान कुल्फी शोधायला गेले आणि हातात वरमाई आली.

जुने काळे-पांढरे फोटो चिवट निघाले. रंगीत कच्चे. रंग वरच्या थरापासून जायला लागतात, आधी लालसर डाग, मग पिवळे, मग नुसता पांढरा कागद. तुम्ही डाग बघून सांगायचात, "हा अजून पिवळ्यावर आहे, वाचेल." ऐंशीच्या घरातला माणूस हातमोजे घालून स्टुलावर बसलाय आणि दुसऱ्यांच्या मुंजी धुतोय. २०११ च्या त्सुनामीनंतर जपानमध्ये स्वयंसेवकांनी असेच लाखो फोटो धुतले, हे मी नंतर वाचलं. आपल्याला ठाऊक असतं तर एवढे एकटे वाटलो नसतो. अर्थात तुम्हाला वाटत होतं की नाही, कोण जाणे.

ती कामं फुकट केली आणि ती फुकटच करायची होती. त्यावर आपलं दुमत नव्हतं. पण नंतर पूर न पाहिलेली माणसंही यायला लागली. कुणाच्या आजोबांचा एकुलता फोटो, वाळवी लागलेला, कुणाची शाळा. मी नोकरी सोडायचा विचार करत होते आणि त्याच वेळी एका गिऱ्हाईकाला "राहू द्या हो, पैशाचं काय" म्हणाले. तुम्ही मागे उभे होतात. ते गेल्यावर तुम्ही मला जे ऐकवलंत ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग वही मागवलीत. कागद किती? शाई किती? स्कॅनरची झीज? वीज? किती तास बसलीस? सगळं लिहून झाल्यावर तुम्ही खाली आणखी एक ओळ घातलीत: "डोळे". आणि तिच्यापुढे वरच्या सगळ्या बेरजेपेक्षा मोठा आकडा. मी हसले. तुम्ही हसला नाहीत. निगेटिव्हवर पेन्सिलनं रिटचिंग करून तुमचे डोळे कसे झालेत ते मी बघतेच आहे.

आठवड्यानं तुम्ही छापखान्यातून पावतीपुस्तक घेऊन आलात. माझं नाव, खाली "जुन्या छायाचित्रांची दुरुस्ती व छपाई", शंभर पावत्या, कार्बन लावलेला. मला न विचारता. बाबांनी दिलेला कॅमेरा, यजमानांनी घेऊन दिलेला स्कॅनर, सगळ्यांचं ऋण आहेच. पण पतसंस्थेत राजीनामा देताना माझ्या पर्समध्ये ते पावतीपुस्तक होतं, म्हणून सही करताना हात कमी थरथरला. पहिली पावती फाडताना मात्र आकडा इतका हळू सांगितला की गिऱ्हाईकानं तीनदा विचारलं.

आता पाचवं पुस्तक चालू आहे. महिन्याला पगाराएवढं सुटतं असं नाही. लग्नसराईच्या आधी आणि दिवाळीत सुटतं, पावसाळ्यात नाही. चाळीस फोटो करून घेऊन फोन न उचलणारे एक सद्गृहस्थही भेटले. तेव्हापासून अर्धे पैसे आधी. हेही तुमचंच.

एक गोष्ट मात्र मी रोज पाळते. मोबाईलमध्ये आता अशी अॅप आहेत की फाटका फोटो टाकला तर क्षणात चकचकीत चेहरा येतो. लोक तो घेऊन येतात, "ताई, एवढा फ्रेम करून द्या." मी मूळ फोटो मागते. गेल्या महिन्यात एका पणजीचा आला होता. अॅपनं तिच्या कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदण डाग समजून पुसलं होतं. गोरी, गुळगुळीत, कुणाचीच पणजी नसलेली बाई. तुम्ही गिऱ्हाईकाची पुटकुळी पेन्सिलनं घालवायचात पण तीळ कधी घालवला नाहीत, आणि म्हणायचात, "दिसत नाही ते काढायचं नाही, आहे ते खोडायचं नाही." त्या गोंदणाचे ठिपके मी मूळ फोटोवरून एकेक करून परत आणले. दोन दिवस गेले. घरचे म्हणाले, "पाचच ठिपके तर आहेत!" बिलात "डोळे" लावले.

आता शेवटचं. तुमचा आणि काकूंचा लग्नातला फोटो झाला आहे. काकूंच्या शालूचा काठ डावीकडे पूर्ण गेला होता. तो मी काढलेला नाही, तिथे कागद कोरा ठेवलाय. पाचशेच्या दोन नोटा नातीकडून पाठवल्यात आणि वर निरोप, "पावती नसेल तर फोटो नको." पावती सोबत ठेवली आहे, नऊशे पन्नासची. डोळे धरून. सुटे नव्हते, तुमचे पन्नास रुपये माझ्याकडे आहेत. तपासणीला विश्रामबागेत याल तेव्हा घेऊन जा, चहा मी टाकते.

तुमची,
बादलीवाली