बर्डीतल्या उंच इमारतींत बसायलाही जागा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑगस्टमध्ये मुलाकडे ओसाकाला होते. तिथे ‘आबेनो हारुकास’ नावाची ६० मजल्यांची, ३०० मीटर उंच इमारत आहे. २०१४ साली ती पूर्ण सुरू झाली. खाली किनतेत्सू रेल्वेचं स्टेशन, त्याला लागून मोठं दुकान, वर कार्यालयं, हॉटेल आणि शेवटी शहर पाहायचा सज्जा. सज्ज्याला तिकीट आहे. माझा जीव मात्र सोळाव्या मजल्यावर अडकला.

त्या मजल्यावर कलासंग्रहालय आहे आणि बाहेर उघडी बाग. बागेत जायला पैसे लागत नाहीत. लिफ्टमधून उतरलं की झाडं आणि बाकं. गुडघे दुखतात म्हणून मी तिथे रोज तासभर बसायची. शेजारी एक आजोबा डबा उघडून भाताचे गोळे खात, खाऊन झालं की रुमालाची घडी घालून खिशात ठेवत. तुम्ही काय घ्यायला आलात, असं त्यांना किंवा मला कुणी विचारलं नाही.

गेल्या मे महिन्यात मी इथे बर्डीत, म्हणजे आपल्या नागपूरच्या सीताबर्डीत, एका मोठ्या व्यापारी संकुलाच्या पायरीवर टेकले होते. दुपारचे दोन, ऑटो मिळेना, डोक्याला दुपट्टा, पर्समध्ये कांदा. सुरक्षारक्षक आला आणि म्हणाला, “आजी, इथं बसू नका, साहेब ओरडतात.” त्या पोराचा दोष नाही, त्याला तसंच सांगितलेलं. पण तेव्हा उठताना डोळ्यांत पाणी आलं.

सीताबर्डीला मेट्रोच्या दोन्ही मार्गिका मिळतात. इथे आज ना उद्या दुकानं, कार्यालयं, घरं एकावर एक रचलेल्या इमारती येणारच, आणि माझा त्याला विरोध नाही. जागा कमी आहे, वर जावंच लागेल. पण नकाशा मंजूर करतानाच अट घाला: स्टेशनातून थेट सावलीतला रस्ता, सगळ्यांना फुकट असलेली एक गच्ची किंवा मजला, तिथे पाठ टेकता येईल अशी बाकं, प्यायचं पाणी आणि कुलूप न लावलेलं स्वच्छतागृह. इमारत उभी राहिल्यावर हे मागितलं तर ‘आता जागा नाही’ एवढंच ऐकायला मिळतं.

महापालिका आणि नागपूर सुधार प्रन्यासने यावर जाहीर उत्तर द्यावं, एवढी विनंती.

— एक निवृत्त शिक्षिका, धरमपेठ, नागपूर